स्कॅनमध्ये मान क्लिअर आहे, तरी जिभेच्या कॅन्सरमध्ये मानेचं ऑपरेशन कशाला?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या जिभेच्या कडेला दीड सेंटीमीटरचा कॅन्सर आहे, एमआरआयमध्ये मानेत काहीच नाही, तरी सर्जन मानेतले लिम्फ नोडही (लसिकेच्या छोट्या गाठी, कॅन्सर पसरताना आधी इथे पोचतो) काढायचे म्हणतायत, आणि तुम्हाला शंका येतेय की उगाच वाढवतायत का. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ऑपरेशनमध्ये काढलेलं सगळं शेवटी आमच्याच टेबलावर येतं, त्यावरून सांगतो, उगाच नाही वाढवत.

मानेतून काढलेला भाग म्हणजे दिसायला नुसता पिवळ्या चरबीचा गोळा. त्यातले नोड बोटांनीच शोधायचे, चरबी चिमटीत दाबत जायचं, काही टणक लागलं की बाजूला काढायचं, मग काप घेऊन स्लाइड बनवायची. वीसेक नोड सहज निघतात, बरेचसे तुरीच्या डाळीएवढे, हाताला अगदी नॉर्मल, आणि मायक्रोस्कोपखाली बघावं तर त्यातल्याच एखाद्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशींचा पुंजका, जेमतेम मिलिमीटरभर. एवढं बारीक एमआरआयला काय दिसणार, पेट स्कॅनलाही नाही दिसत.

दुसरं म्हणजे दीड सेंटीमीटर ही लांबी झाली, आम्ही बघतो खोली. जिभेचा कॅन्सर आत स्नायूत जितका खोल घुसतो तितका लिम्फच्या नळ्यांत शिरायचा चान्स वाढतो. म्हणून २०१८ पासून स्टेज ठरवतानाच खोली धरतात, २ सेंटीमीटरच्या आतला असला तरी ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेला की टी-१ चा टी-२ होतो, म्हणजे गाठीची पायरी एकने वाढते. आणि साधारण ३-४ मिलिमीटरच्या पुढे खोली गेली की बहुतेक सर्जन मान सोडत नाहीत.

'आत्ता राहू दे, पुढे गाठ आलीच तर काढू' हा विचारही करून बघितलेला आहे बरं का. मुंबईच्या टाटा मेमोरियलने याच प्रश्नावर ट्रायल केली, २०१५ मध्ये छापून आली. आधीच मानेतले नोड काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के लोक जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी साडेसदुसष्ट. फरक लहान नाहीये, आणि लक्ष ठेवून असतानाही गाठ लक्षात येईपर्यंत बऱ्याचदा ती वाढलेलीच असते.

शिवाय पुढची ट्रीटमेंट ठरते ती आमच्या रिपोर्टवरून. सगळे नोड निगेटिव्ह, खोली कमी, जिभेतून काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ, तर बऱ्याचदा तिथेच संपतं. नोडमध्ये सापडलं तर रेडिएशनचा विषय निघतो, साधारण ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), आठवड्याला पाच दिवस असं सहा आठवडे. आणि कॅन्सर नोडचं आवरण फोडून बाहेर आलेला असेल किंवा काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी असतील तर त्यासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही देतात, तब्येतीला झेपत असेल तर. रेडिएशन लागायची शक्यता वाटत असेल तर दात आधीच दाखवून घ्या, नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न यायचा धोका असतो, आणि तसं झालं तर फार त्रास होतो.

आता तोटा. खांदा उचलणारी नस याच भागातून जाते, ती वाचवतात पण ताणली जाते, म्हणून काही महिने हात वर करायला त्रास होऊ शकतो. सर्जनना तीन गोष्टी विचारा: खोली किती वाटतेय, मानेच्या कुठल्या लेव्हलचे (म्हणजे कुठल्या भागांतले) नोड काढणार, आणि सेंटिनल नोड बायोप्सीची सोय आहे का, त्यात गाठीतून लिम्फ सगळ्यात आधी जिथे जातं ते मोजकेच नोड काढून तपासतात आणि ते साफ निघाले तर बाकीची मान वाचते. आणि खांद्याची फिजिओथेरपी कधी सुरू करायची तेही ऑपरेशनच्या आधीच ठरवून घ्या, नंतर त्याची आठवण कुणालाच राहत नाही.