रिंकचा इतिहास लिहिणाऱ्यास

चि. नवख्या इतिहासकारास,

अनेक आशीर्वाद. बॉस्टनच्या मॅथ्यूज अरिनाचा, म्हणजे नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या आइस हॉकी रिंकचा इतिहास लिहायला घेतला आहेस. पहिल्याच ओळीत ‘विद्यापीठाने १९१० साली बांधलेलं’ असं मात्र लिहू नकोस. १९१० मध्ये सेंट बोटॉल्फ स्ट्रीटवर जे उघडलं ते ‘बॉस्टन अरिना’ होतं. नॉर्थईस्टर्नचा संघ तिथे १९३० पासून खेळू लागला, तोही दुसऱ्याच्या जागेत. विद्यापीठाने इमारत विकत घेतली १९७९ मध्ये, आणि देणगीदार जॉर्ज मॅथ्यूज यांचं नाव लागलं १९८२ मध्ये.

तेव्हा आधी चार रकान्यांचा तक्ता कर: भिंती-छत, मालक, नाव, बर्फ. या चौघांच्या तारखा क्वचितच जुळतात. मिशिगन विद्यापीठाचं योस्ट १९२३ चं खरं, पण ते फील्ड हाउस, म्हणजे बर्फाविना खेळांचं बंदिस्त सभागृह म्हणून उभं राहिलं. बर्फ आला १९७३ मध्ये. त्याला शंभर वर्षांचं रिंक म्हणणारा पन्नास वर्षं फुकटची मोजतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरातलं रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेचं ह्यूस्टन फील्ड हाउस १९४९ मध्ये उघडलं, पण सांगाडा महायुद्धाच्या काळातल्या नौदलाच्या गोदामाचा, ऱ्होड आयलंडहून सुटा करून आणलेला.

तुझ्या तक्त्यात भिंतींच्या रकान्यात एक आग आहे. डिसेंबर १९१८ मध्ये अरिना जळालं आणि पुन्हा बांधून १९२१ मध्ये उघडलं. त्यामुळे १ डिसेंबर १९२४ ला बॉस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक हॉकी संघाने माँट्रियल मरून्सला २-१ ने हरवलं, तो त्यांचा पहिलावहिला सामना आगीनंतरच्या इमारतीत झाला. ‘सर्वात जुनं’ हे विशेषण वापरायचंच असेल, तर कशात जुनं ते शेजारी लिही: जागा, सलग वापर की विटा. जाहिरातवाल्यांना ही पंचाईत नसते, तुला आहे.

चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि रिंकची खरी कुंडली तिथेच असते. बर्फ म्हणजे जमिनीवर ओतून गोठवलेलं पाणी नव्हे. आजच्या नेहमीच्या रिंकमध्ये काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पाइपांचं जाळं असतं, त्यातून उणे ९ अंश सेल्सियसच्या आसपासचं कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी फिरतं, आणि ते थंड करायला बहुधा अमोनियाचे कॉम्प्रेसर असतात. स्लॅब थंड झाला की पाण्याचे अगदी पातळ फवारे, मग पांढरा रंग, तो पक्का करायला आणखी फवारे, मग रेघा, आणि त्यावर थरावर थर चढवत जाडी २५ ते ३२ मिलिमीटर. घाईने एकदम पाणी सोडलं तर आत हवा अडकते, बर्फ ठिसूळ होतो आणि स्केटखाली त्याचे टवके उडतात. जाडी वाढू दिली तर बर्फच थंडी अडवतो: वरचा पृष्ठभाग मऊ पडतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, विजेचं बिल वाढतं. उत्तर अमेरिकेतल्या २०० बाय ८५ फुटांच्या रिंकला एक इंच बर्फासाठी साधारण ३७ हजार लिटर पाणी लागतं. मॅथ्यूजचा बर्फ रुंदीला ९० फूट होता, म्हणून हा आकडा तसाच उचलू नकोस. क्षेत्रफळावरून तुझा तू काढ.

दुरुस्तीच्या नोंदीत ‘फरशी उचलली’ असं काही आढळलं तर थांब. बर्फ वर्षानुवर्षं उतरवलाच नाही, तर स्लॅबखालची ओली मातीही गोठते, फुगते आणि काँक्रीट वर ढकलते. वरून बर्फ सपाट दिसतो, पण भोक पाडून मोजला तर एका कोपऱ्यात २० मिलिमीटर आणि दुसऱ्या कोपऱ्यात ५० भरतो. म्हणून नव्या रिंकमध्ये स्लॅबखाली थर्मल इन्सुलेशन आणि त्याच्याही खाली कोमट द्रावणाचे पाइप घालतात. स्लॅब कधी बदलला ती तारीख मिळाली, तर ती नामकरणाच्या तारखेइतक्याच ठळकपणे दे.

तारीख नसलेले फोटो पुष्कळ मिळतील. बर्फाकडे बघ. मैदानाच्या मध्यावरची लाल रेघ एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, १९४३-४४ च्या हंगामात आली. बर्फ पांढरा रंगवणं तिथे १९४९-५० पासून. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या झॅम्बोनीचं पहिलं यंत्र १९४९ चं. फोटोत काळपट बर्फ असेल आणि मधली रेघ नसेल, तर फोटो बहुधा त्याआधीचा. विद्यापीठांचे नियम एनएचएलच्या मागेपुढे चालत, म्हणून हा अंदाजच समज. तो पडताळायला खेळाडूंचे गणवेश आणि कार्यक्रमपत्रिका बघ. इमारतीच्या भिंतींसाठी आगविमा कंपन्यांकरता काढलेले सॅनबॉर्न नकाशे बघ. त्यात वीट, लाकूड, लोखंड वेगवेगळ्या रंगांत दाखवलेलं असतं.

डिसेंबर २०२५ मध्ये मॅथ्यूज अरिनातले हॉकीचे सामने संपले. त्याच जागी नवं संकुल उभारायचं ठरलेलं आहे. म्हणून कागदांच्याही आधी माणसं गाठ, आणि खेळाडूंच्या आधी बर्फ सांभाळणारे. त्यांना आठवणी विचारू नकोस, नेमकं विचार: झॅम्बोनीच्या टाकीत पाणी किती गरम घेत होता? (साठ अंशांच्या आसपासचं सांगतील. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते चरे वितळवून भरतं.) गच्च भरलेल्या सामन्याला स्लॅब किती तास आधी जास्त थंड करायला लागायचा? आणि कुठल्या कोपऱ्यात बर्फ नेहमी मऊ पडायचा?

कळावे.