वडील माजी सैनिक होते, नंतर ट्रक चालवायचे. वर्षश्राद्धाच्या लेखात ट्रकचं लिहावं का? घरचे म्हणतात फक्त फौजेचं लिहा.

लिहा. बेधडक लिहा. तुमच्या घरचे जे म्हणतायत तेच माझ्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, तेराव्याला माझे थोरले चुलते म्हणाले होते, "मेजर होते एवढं बास, ड्रायव्हरकीचं कशाला?" तेव्हा पाहुण्यांसमोर मी गप्प बसले. आता बसणार नाही.

आण्णा एएससीत, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या दलात होते, ड्रायव्हर एमटी (मोटार ट्रान्सपोर्ट). म्हणजे फौजेतही त्यांनी ट्रकच चालवला. जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक, श्रीनगर-लेह रस्ता. झोजिला खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांचा हिवाळ्याचा शिधा, रॉकेल, दारूगोळा पोचवायचा. साडेअकरा हजार फुटांवर अरुंद रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. १९७१ च्या लढाईचं पश्चिमी स्टार मेडल त्यांना मिळालं ते हातात स्टिअरिंग धरूनच. मग फौजेचा ट्रक चालवला तर मान आणि कांद्याचा चालवला तर लाज, हा कुठला न्याय?

चाळिशीच्या आत पेन्शनीवर आले. त्या काळची जवानाची पेन्शन आणि आमचं जिरायत रान, एवढ्यावर आम्ही तिघी बहिणी शिकलो नसतो. आण्णांनी दुसऱ्याच्या टाटावर बदली ड्रायव्हर म्हणून सुरुवात केली. वाशी मार्केटला कांदा-बटाटा, येताना मिळेल ते भाडं. गाडी हलवायच्या आधी हातात बॅटरी घेऊन तेल, पाणी, टायर, नटबोल्ट, ताडपत्रीच्या रश्श्या सगळं स्वतः बघायचे. त्याला ते शेवटपर्यंत फौजेतल्यासारखं 'फर्स्ट परेड' म्हणत. क्लीनर पोरं कुरकुरायची, पण खंबाटकीच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची त्यांची छाती व्हायची नाही. जो चढ ज्या गिअरला चढतो तो त्याच गिअरला उतरायचा, हे आण्णा झोजिलावर शिकले होते.

आमचं गाव उंब्रजपासून आत. गाडी गावात आणायला वेळ नसायचा, म्हणून आई मला सायकलवर भाकरी घेऊन हायवेच्या फाट्यावर पाठवायची. आण्णा मला उचलून केबिनमध्ये घ्यायचे. जेवता जेवता वरच्या पिवळ्या दिव्यात माझी गणिताची वही उघडायचे. बोटांच्या भेगांत ग्रीस काळं बसलेलं, म्हणून पान उलटताना फक्त कडेला धरायचे. चुकलेल्या गणितावर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे, उत्तर कधी सांगायचे नाहीत. पुढच्या खेपेला ते टिंब आठवणीने शोधायचे. आमच्या घरातलं बापाचं प्रेम हे असं, फाट्यावर, इंजिन चालू ठेवून मिळालेलं आहे. ते लेखातून वगळायचं तर मग बाप म्हणून उरलं काय?

चुलत्यांचं दुखणं वेगळंच होतं. "पेन्शनवाला असून हमालांच्या पंगतीला बसतो" हे त्यांना भावकीत ऐकावं लागायचं. पण धाकटीच्या नर्सिंगची फी भरायची वेळ आली तेव्हा भावकीतलं कुणी आलं नाही, भाड्याचे पैसे आले. हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं, इथे सांगते.

लेख कसा लिहायचा तेही सांगते. फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक काढा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, ट्रेड म्हणजे फौजेतलं काम, हुद्दा त्यात मिळेल. मेडलच्या कडेवर किंवा पाठीमागे बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंग लावून वाचा. मेडल मिळालं तेव्हाचा तो हुद्दा असतो, शेवटचा बुकातून घ्या. आणि आमच्याकडे गावात प्रत्येक माजी सैनिकाला मेजर म्हणतात, ते बोलण्यापुरतं ठीक. छापताना नाईक असतील तर नाईकच लिहा. फुगवलेला हुद्दा त्यांच्याच पलटणीचा माणूस पहिला ओळखतो. ट्रकचं मात्र कागदावर काही सापडणार नाही. त्यासाठी त्यांचा जुना क्लीनर, ढाबेवाला, ट्रान्सपोर्टचा मुनीम गाठा, हे लोक आहेत तोवर.

एक मात्र आहे. रस्त्यावर काही अपघात घडला असेल किंवा त्यांनी स्वतःच तो काळ बोलायचं टाळलं असेल, तर आधी आईला विचारा. ती नको म्हणाली तर नको. चुलते, आत्या, मामा यांना विचारायची गरज नाही.