पोरगं व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलंय? आधी एवढं करा

ताई, घाबरू नका. आम्हीही यातून गेलोय. अमेरिकेत अशा मुलांसाठी रिकव्हरी हायस्कूल असतात. अभ्यास नेहमीचाच, पण वर्गातली सगळीच पोरं व्यसन सोडणारी. ती सोबत इथं कोल्हापुरात आपणच उभी करायची.

पहिलं म्हणजे जुनं टोळकं तुटलं पाहिजे. आमच्या पोराचा घात क्लास सुटल्यावर रंकाळ्याच्या कट्ट्यावर व्हायचा. दोन महिने मी रोज क्लासबाहेर गाडी लावून थांबायचो. नुसतं "चल, भूक लागली असेल" एवढंच बोलायचो.

एका तरी शिक्षकांना विश्वासात घ्या.

चुका नेहमीच्याच: शपथा घालणं, चारचौघांत उणंदुणं काढणं, लगेच बारावीच्या मार्कांमागं लागणं. पोरगं घसरलं तर लपवू नका, त्याच दिवशी केंद्राला कळवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे.