नगरपरिषदेने क्रीडांगण तोट्यात दाखवून आरक्षण बदलाचा ठराव केला, आता काही करता येतं का?

येतं. नुसत्या ठरावाने विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे जागा मैदानासाठी राखून ठेवणं, बदलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार राजपत्रात सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, बाधितांची सुनावणी घ्यावी लागते आणि शेवटची मंजुरी राज्य शासनाची लागते. हरकतीची मुदत सूचनेपासून एक महिना. ती मात्र चुकवू नका, आवक शिक्क्याची पोच जपून ठेवा.

तोट्याचं म्हणाल तर आधी हिशेब बघा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात मैदानाच्या खर्चात उन्हाळ्यातले टँकर, वीजबिल, रखवालदाराचा पगार सगळं धरलेलं होतं, पण मैदानाच्या कडेच्या गाळ्यांचं भाडं दुसऱ्याच खात्यात जमा. कागद हातात घेऊन बघितलं तेव्हा वाईट वाटलं. पोरं पहाटे तिथेच पोलीस भरतीसाठी पळतात हो! माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून गेल्या पाच वर्षांचं जमाखर्चाचं पत्रक मागा. साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून अर्ज आजच टाका, हरकतीच्या मुदतीआधी आकडे हातात पाहिजेत.

जागा खाजगी मालकाची असेल तर त्याने कलम 127 ची नोटीस (मुदतीत जागा ताब्यात घेतली नाही म्हणून मालक देतो ती, तिच्यामुळे आरक्षण रद्द होऊ शकतं) दिलेली आहे का, तेही नगररचना विभागात विचारा.