तुमच्या घरात तीन पिढ्यांत रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान कसं बदललं?

टीव्ही, मिक्सर, मोबाईल हे बाकीच्यांनी लिहिलंच असेल, आमच्याकडेही आलं ते, जरा उशिरा. पण आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले कास्तकार, आमच्या घरची खरी गोष्ट वावरातल्या विहिरीवरची आहे, म्हणून तेवढीच सांगतो.

आबाजी मोट हाकायचे. विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोट, जाड नाडा, बैलजोडी धावेवरून म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून खाली उतरली की मोट वर येणार, पाणी थारोळ्यात म्हणजे काठावरच्या कुंडीत पडणार, तिथून पाटाने वाफ्यात, मग बैल मागं मागं घेऊन परत तेच, पहाटेपासून. आजी फावडं घेऊन पाणी फिरवायला. एवढं करून मिरची-वांगी आणि थोडा गहू, बस.

बाबांच्या काळात डिझेल इंजिन आलं. हँडल मारताना उलटा झटका बसून बाबांचं मनगट मोडलं, ते अजून थंडीत ठणकते. पण त्याहून मोठा ताप म्हणजे पंप पाणी सोडायचा. फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाण्यातल्या पाईपच्या तोंडाची झडप, तिच्यातून गळून पाईप रिकामा झाला की इंजिन नुसतं बोंबलते, पाण्याचा पत्ता नाही. मग वरून बादलीने पाणी ओता आणि त्यात शेण कालवा, शेण जाऊन व्हॉल्व्हच्या फटीत बसते अन् गळती थांबते. मी पॉलिटेक्निक केलं, तिथं हा धडा नव्हता, पण आमच्या विहिरीवर तो दर हंगामात चालायचा.

नंतर वीज आली, इंजिन गोठ्यात गेलं. शेतीची थ्री फेज लाईन मात्र पाळीपाळीने, कधी दिवसा ८ तास तर कधी रात्री १०. घरातला पहिला मोबाईल खरं तर ह्याच्यासाठीच घेतला. इनकमिंग मे २००३ पासून फुकट झालं होतं पण आउटगोइंगला पैसे पडायचे, म्हणून आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, वावरातून मिस कॉल द्यायचा, एक म्हणजे लाईन आली, दोन म्हणजे फ्यूज उडाला. तीन कशाचे होते ते आता दोघांनाही आठवत नाही.

आता माझी पाळी. स्टार्टरला मोबाईल ऑटो बसवला, आत सिमकार्ड असते, घरून फोन लावला की मोटर चालू, लाईन गेली की मेसेज. मला वाटलं सुटलो आता. कुठचं काय. हरभऱ्याला स्प्रिंकलरने पाणी देतो आम्ही, ३-४ तास झाले की पाईप उचलून पुढच्या जागी लावावे लागतात, आणि ते काम मोबाईल करत नाही. म्हणजे मोटर खाटेवरून चालू करायची आणि मग बॅटरी घेऊन चिखलात जायचंच, वर रानडुकरांची भीती. बाबांना तर ऑटोवर भरोसाच नाही, "मोबाईल मने मोटर चालू हाय, पन पानी कुठी चाल्लं थे कोन पायन?" असं म्हणून निघतात. मी हसायचो, पण एकदा जोडातून पाईप निसटला, रात्रभर एकाच जागी पाणी, आणि फोन आपला सांगतोय सगळं ठीक. तेव्हापासून हसत नाही.

शेजारच्या वावरात सोलर पंप लागलाय, २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून, १० टक्के रक्कम आपली भरायची. त्याचं ओलित दिवसा उरकते, रात्री झोपतो पठ्ठ्या. आभाळ आलं की धार बारीक होते अशी कुरकुर करत असतो, ती तर मी आनंदानं करीन. आमचाही अर्ज टाकलाय.

बाकी चूल, जातं, रेडिओ यावर नंतर कधीतरी लिहीन. ह्या आठवड्यात आमची लाईन रात्रीची आहे, हे सगळं वावरातल्या खोपडीत, म्हणजे झोपडीत, बसून टायपलंय आणि पाईप बदलायची वेळ होऊन वर पंधरा मिनिटं झाली.