आययूआय की थेट आयव्हीएफ? निफाडच्या ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 31, लग्नाला 4 वर्षे झाली, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, सोनोग्राफीत पीसीओडी (बीजकोषांत बारीक गाठींसारखे फुगे दिसणे आणि बीज नियमित न फुटणे) निघाले आहे. नाशिकच्या एका डॉक्टरांनी आधी आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भपिशवीत सोडणे) करू म्हटले, तर दुसऱ्यांनी वेळ न घालवता आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणूंचे मीलन प्रयोगशाळेत करून गर्भ पिशवीत सोडणे) करा असे सुचवले. आता कोणाचे ऐकावे?

ताई, आजच्या घडीला हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण तुम्ही दिलेल्या तपासण्यांच्या यादीत गर्भनलिकांची तपासणी कुठेच नाही आणि यजमानांचा वीर्यतपासणीचा अहवाल दोन वर्षांपूर्वीचा आहे. आययूआय ही पहिली पायरी आणि आयव्हीएफ शेवटची, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक उपचार एखादी ठरावीक अडचण ओलांडण्यासाठी असतो, आणि ती अडचण आपली नसेल तर पैसा, महिने आणि उमेद असे तिन्ही वाया जाते.

माझे तसेच झाले. लागोपाठ चार आययूआय झाली. दर वेळी पाळीच्या नवव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, बीज 18 ते 20 मिलिमीटरचे झाले की ते फुटण्याचे इंजेक्शन, आणि साधारण 36 तासांनी प्रयोगशाळेत धुऊन घेतलेले शुक्राणू बारीक नळीने पिशवीत सोडायचे. चारही वेळा बीज वेळेवर फुटले आणि चारही वेळा पाळी आली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘एचएसजीची फिल्म कुठे आहे?’ ती, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला नलिकांचा एक्स-रे, कोणी काढायला सांगितलीच नव्हती. फिल्म काढल्यावर त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावून दाखवली: पिशवीचा पांढरा त्रिकोण औषधाने भरलेला होता, पण दोन्ही कोपऱ्यांतून निघायला हवी ती केसासारखी रेघ उमटलीच नव्हती. तपासणीच्या वेळी कळ येऊन नलिकेचे तोंड आवळले गेले तरी फिल्मवर असेच दिसू शकते, म्हणून दुर्बिणीतून खात्री केली. निदान झाले ते जननमार्गाच्या क्षयाचे. मला आयुष्यात कधी खोकल्याचा त्रास नव्हता. तरीही नलिका बंद होण्याचे हे आपल्या देशातील एक महत्त्वाचे कारण आहे. बीज आणि शुक्राणू यांची गाठ नलिकेतच पडते, त्यामुळे दोन्ही नलिका बंद असताना आययूआय दहा वेळा केले तरी उपयोग नसतो. क्षयाची औषधे पूर्ण करून आम्ही आयव्हीएफकडे वळलो.

तुमची मुख्य अडचण मात्र वेगळी दिसते: बीज नियमित तयार होऊन फुटत नाही. नलिका मोकळ्या आणि वीर्याचा अहवाल चांगला असेल, तर सहसा आययूआयचीसुद्धा आधी गरज नसते. लेट्रोझोलच्या गोळ्या, सोनोग्राफी आणि योग्य दिवशी संबंध येथून सुरुवात होते. मेडिकलमध्ये कोणी ‘हे तर कॅन्सरचे औषध’ म्हणाले तर दचकू नका. ते मूळचे स्तनाच्या कर्करोगाचेच औषध आहे. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती आणि 2017 मध्ये ती उठली. पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) असलेल्या 750 स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, तर जुन्या क्लोमिफेनने 19.1 टक्के स्त्रियांना. वजन जास्त असल्यास पाच टक्के कमी केल्यानेही कित्येकींची पाळी मार्गी लागते.

शुक्राणूंचे प्रमाण किंवा हालचाल थोडी कमी असेल, किंवा गोळ्यांनी बीज फुटूनही काही महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर आययूआयचा विचार होतो. त्यातही एका वेळेच्या यशाचे प्रमाण शंभरात दहा-पंधराच्या आसपासच असते, म्हणून तीन-चार वेळांनंतर थांबून फेरविचार करावा. दोन्ही नलिका बंद, शुक्राणू फारच कमी किंवा स्त्रीचे वय सदतीस-अडतीसच्या पुढे, अशा वेळी आयव्हीएफ लवकर करणे शहाणपणाचे ठरते. तुमच्यावर ती वेळ आलीच, तर दोन गोष्टी आधी स्पष्ट विचारा: वीर्य चांगले असताना इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणे) कशासाठी, आणि पीसीओडीत इंजेक्शनांनी बीजकोष बेसुमार सुजण्याचा जो धोका असतो तो टाळण्यासाठी काय करणार, गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का. 2021 च्या कायद्यानुसार आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी बंधनकारक आहे, तेवढे प्रमाणपत्र पाहून घ्या.

यजमानांची तपासणी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी येऊन गेलेला मोठा ताप अहवालात नंतर उमटतो आणि दोन वर्षांपूर्वीचा कागद आज फारसे काही सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेली शुक्राणूंची किमान मर्यादा दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख आहे. नमुना घरून बाटलीत आणू नका. तो तासाभरात तपासायला घ्यावा लागतो, आणि निफाडहून निघून नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलात तर तेवढा वेळ रस्त्यातच जाईल. तो नाशिकमध्ये प्रयोगशाळेतच द्यावा, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावेत.

एचएसजी पाळीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. तुमची पाळी अनियमित असल्याने तारीख आधीपासून ठरवता येणार नाही. पाळी आली की त्याच दिवशी फोन करून वेळ घ्या आणि यजमानांचा नमुनाही त्याच खेपेत उरका, म्हणजे छाटणीच्या दिवसांत द्राक्षबाग सोडून दोनदा यावे लागणार नाही.