परत परत 'आय राइज' कशाला?

प्रश्न: कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री माया अँजेलोच्या 'स्टिल आय राइज' (तरीही मी उठते) कवितेत वंशवादाला पुरून उरणं नेमकं कशातून दिसतं?

उत्तर: आधी मोठ्याने वाचून बघा, कारण १९७८ च्या या कवितेत सगळा जोर 'आय राइज' परत परत येण्यात आहे आणि शेवटी तर ते सलग तीनदा येतं, म्हणजे कितीही दाबा ती उठणारच. उपमा पण बघा ना, धूळ, चंद्र-सूर्य, भरती, हवा, यातलं काय कोण अडवणार? मला सगळ्यात भारी वाटतात ते प्रश्न! माझा तोरा तुला खुपतो का, असं ती थेट दाबणाऱ्यालाच विचारते, मग उत्तर द्यायची पाळी त्याच्यावर. यमक आहेच, पण शेवटाकडे चार ओळींची कडवी मोडतात, गुलामीतले पूर्वज येतात, तिथे तो 'मी' एकटीचा राहतच नाही.